तीनचं काही ठरलेलं नाही

फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते मालकांच्या मानाखातर. एरवी तीन खोल्या, एक अरुंद जिना आणि जिन्याच्या तोंडाशी चिकट कागदाचं पायपुसणं, ज्यावर नवख्या माणसाची चप्पल हमखास अडकायची. खाली गिऱ्हाइकं फरशा ठोकून ठोकून बघायची, आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर एक बाई केसाएवढ्या काचेच्या तारेच्या टोकावर भिंग घडवत बसलेली असायची. खालच्यांना वरचा पत्ता नव्हता. वरच्यांना मात्र खालची प्रत्येक फरशी ऐकू यायची.

त्या बाईला सगळे थेंबताई म्हणायचे. नाव मालकांनी ठेवलेलं, आणि त्यात खोडसाळपणा काही नव्हता, कारण तिचं काम तेच होतं. फायबरची तार घ्यायची, वरचं साल सोलायचं, टोक स्पिरिटने पुसायचं आणि सरळ तोडायचं. मग ते टोक दोन सुयांच्या मधोमध धरून सुयांमध्ये ठिणगी पाडायची. काच वितळते आणि आपणहून गोल होते. तो गोल थेंब म्हणजेच भिंग. ठिणगी जरा लांबली तर थेंब एका बाजूला लोंबतो, आखूड पडली तर टोक नुसतंच बोथट होतं. ही तार पुढे डॉक्टरांकडे जायची, रक्तवाहिनीत सरकवून आतून बघायला. काही वर्षांनी मशीन आलं. टोकावर चिकट द्रवाचा ठिपका ठेवायचा, मशीन त्या ठिपक्यात लेसर फिरवत कणाकणाने भिंग उभं करतं, उरलेला द्रव धुऊन टाकायचा. धुळीच्या कणाएवढं भिंग, पण हवं त्या आकाराचं. आता ताईंचं कसं होणार, म्हणून चारचौघांनी हळहळून घेतलं. झालं काहीच नाही. मशीनलाही टोक कुणीतरी नीट धरून द्यावं लागतंच.

जुन्या थेंबाला होता तोच एक नियम नव्या भिंगालाही होता. भिंग झालं की टोक पुसायचं नाही. फायबरवाल्यांचा हात पुसण्यावर बसलेला असतो. जोडायच्या आधी पूस, तोडायच्या आधी पूस, शंका आली की पूस. पण मशीनचं भिंग पुसलं की गेलंच ते, फडक्यावर शोधूनही सापडत नाही. थेंबताईच्या हातून एवढ्या वर्षांत ही चूक एकदाही झाली नव्हती. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

तिच्या खोलीत पावडर लावून यायला बंदी, लोकरीच्या कपड्यांना बंदी आणि बोलायला बंदी, कारण बोललं की तोंडातून बारीक तुषार उडतात आणि ते नेमके टोकावर जाऊन बसतात. घरी म्हातारी आई होती, आणि ती एकदा सुरू झाली की दुसऱ्याला तोंड उघडायला फट ठेवत नसे. म्हणजे कामावर बोलायचं नाही आणि घरी बोलायला मिळायचं नाही. वडील लवकर गेले, धाकट्या भावांची शिक्षणं आणि लग्नं उरकता उरकता हिचं लग्न राहून गेलं. "राहून गेलं" हे आईचे शब्द. दुधाचं भांडं ओट्यावर राहून जावं तसं ती ते म्हणायची, आणि वर म्हणायची, "बाकी माझ्या लेकीत कमी काही नाही हो!"

भिंतीच्या पलीकडच्या खोलीत पॉलिशवाले बसायचे. तारेच्या दुसऱ्या टोकाला धातूची टोपी बसवून ती घासून गुळगुळीत करायची हे त्यांचं काम. घासलं की धूळ होते, म्हणून मधे भिंत. भिंतीत टेबलाच्या उंचीवर एक भोक होतं, भोकात रबराचा बोळा आणि बोळ्यातून तार. म्हणजे एकाच तारेचं एक टोक हिच्या हातात आणि दुसरं त्यांच्या. असं लिहिलं की भलतंच काही वाटतं. पण ती कामाची सोय होती, निदान सुरुवातीला तरी.

भिंग झालं की पॉलिशवाले आपल्या बाजूने तारेत तांबडा दिवा सोडायचे. पेनाच्या आकाराचा दिवा. प्रकाश तारेतून येऊन हिच्या टोकाशी उमटायचा, आणि ही पांढरा कागद धरून ठिपका निरखायची. ठिपका गोल पडला की बोटाच्या पेराने भिंतीवर एक टकटक. वेडावाकडा पडला की दोन. एक म्हणजे झालं, दोन म्हणजे पुन्हा करायचं. दिवसभरात त्यांच्यात होणारं बोलणं ते एवढंच.

पॉलिशवाले उंच, किंचित पोक आलेले, बायको फार पूर्वी गेलेली, मूल नाही. चहा सगळ्यांचा एकदम व्हायचा, जिन्याच्या कठड्याशी. ते कप दोन्ही हातांनी धरायचे तेव्हा त्यांच्या उजव्या अंगठ्यावर एक गोल खळगा दिसायचा. तो कशाने पडला हे तिने कधी विचारलं नाही. घासून घासून पडला असेल, असं तिनेच ठरवून टाकलं.

एकदा चहा पिता पिता ते कपात बघत म्हणाले, "एक म्हणजे ठीक. दोन म्हणजे परत. मग तीन म्हणजे काय?"

"तीनचं काही ठरलेलं नाही," ती म्हणाली.

"मग ठरवू या की. कधीतरी."

आता यावर माणसाने काहीतरी बोलावं की नाही? पोटात एवढं साठलेलं, समोरचा माणूस आयता दार उघडून उभा, आणि ही बाई "हं" म्हणाली आणि कप विसळायला गेली. कप विसळताना तिचे कान तापले होते हे खरं. पण कानांचं तापणं कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला कसं दिसणार?

त्या दिवशी काम संपताना शेवटच्या तारेला तिने एक टकटक दिली. दिवा विझला. मग पुन्हा लागला, विझला. लागला, विझला. लागला, विझला. तीनदा. ती कागद हातात धरून तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग ते रोजचंच झालं. ती निघायच्या वेळेला तांबडा ठिपका तिच्या कागदावर तीनदा यायचा आणि जायचा. ती उत्तर द्यायची नाही. एक दिलं तर झालं, दोन दिलं तर चुकलं, आणि तीन दिलं तर उद्या चहाला त्यांच्या तोंडाकडे बघायचं कसं? पण दिवसभरातला सगळ्यात सुरेख थेंब ती शेवटच्या तारेवर करायला लागली. ठिपका नीट गोल दिसावा म्हणून, असं ती स्वतःला बजावायची. पावडरला बंदी असलेल्या खोलीत माणूस एवढंच नटू शकतो.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. कारखान्यात मालकांपासून सामान पोचवणाऱ्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे. खालचा फरशीवालासुद्धा "काय ताई" म्हणून हाक मारायचा. पॉलिशवाल्यांनी मात्र तिला कधी ताई म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली तर ते जवळ येऊन उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि "अहो" म्हणायचे. ते "अहो" तिने जपून ठेवलं होतं.

अशी वर्षं गेली. कुणाला वाटेल, दोन मोठी माणसं, एक भिंत, त्यात भोकही आहे, एवढं काय अवघड होतं? ज्यांना असं वाटतं त्यांच्यावर ही पाळी आलेली नसते, म्हणून त्यांना तोंड वर करून बोलता येतं.

मग पॉलिशवाल्यांचा अंगठा वाकेनासा झाला. घासायचं काम अंगठ्याचं. डॉक्टर झाले, मलम झालं, शेवटी त्यांनीच मालकांना सांगितलं की आता पुरे. बहिणीच्या गावी जाऊन राहणार होते, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी तिने शेवटची तार हातात घेतली तेव्हा आज उत्तर द्यायचं हे पक्कं होतं. सकाळपासून घोकलं होतं. ठिपका आला, अगदी गोल. तिने एक टकटक दिली. दिवा विझला आणि तीनदा लागून गेला. तिने पेर भिंतीपाशी नेलं. तेवढ्यात दार ढकलून मालक डोकावले, हातात निरोपाच्या भेटीचं भिंतीवरचं घड्याळ, आणि खोलीतली बंदी विसरून मोठ्याने म्हणाले, "ताई, चला, निरोपाला सगळे थांबलेत. घड्याळ बरं आहे ना?" तिने हात खाली घेतला आणि मान हलवली. मालक गेले. तार अजून तिच्या हातात होती, आणि दिवा पुन्हा लागला. तीनदा. असं दोनदा विचारल्यासारखं आधी कधीच झालं नव्हतं. तिचा हात मांडीवरून उठेना. थोड्या वेळाने बोळ्यातून तार हलकेच ओढली गेली.

बाहेर सगळ्यांनी सरबत घेतलं. पॉलिशवाल्यांनी सगळ्यांना "येतो" म्हटलं. तिच्यापाशी आले, घसा खाकरला. "अहो, सांभाळून," म्हणाले, आणि घड्याळ काखेत धरून जिना उतरून गेले.

तिला त्यांची आठवण यायची. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. सकाळी जिना चढताना यायची, चहाच्या वेळी यायची, आणि संध्याकाळी तर ती येऊन बसायचीच, उठायचं नाव घ्यायची नाही. काही आठवडे पलीकडचं काम मालकच कसंबसं उरकत होते. ते दिव्याचं काम झालं की दिवा तसाच तारेपासून काढून घ्यायचे आणि तडक निघून जायचे. कारखान्याच्या भिंतीवर सगळ्यांचे फोन नंबर लावलेले होते, त्यात तो नंबरही होता. एकदा तिने तो लावला आणि पलीकडे वाजायच्या आत बंद केला. फोनवर बोलणार काय? ठिपका गोल आहे, म्हणून?

मग पलीकडे नवी आली. तरुण, चटपटीत, तोंडाचा पट्टा चालू. पहिल्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या तारेला थेंबताईने एक टकटक दिली आणि कागद बाजूला ठेवणार, तोच ठिपका लुकलुकला. एकदा, दोनदा, तीनदा. मग अंधार.

इतकी वर्षं भिंतीच्या त्या बाजूला ती कामाच्या वेळेत कधी गेली नव्हती. आज अंगावरचा पांढरा कोट तसाच ठेवून गेली.

"ते तीनदा काय केलंस तू?"

"काय केलं?" नवी गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं. "अच्छा, ते होय! अहो ताई, ते मी नाही केलं, ते पेनचंच आहे. हे बघा. बटण एकदा दाबलं की सलग लागतो. परत दाबलं की लुकलुकतो. अजून एकदा दाबलं की बंद. दिवसभर चालूच ठेवला होता, पण बंद करायचा तर मधे लुकलुक होणारच. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"पॉलिशवाल्यांकडे हाच होता?"

"हाच असणार की. मी आले तेव्हा टेबलावरच होता."

थेंबताई "हो का" म्हणाली आणि हसली. चांगलं मोठ्याने हसली. घरी जाताना बसमध्ये तिला आठवलं की आपण हसलो, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे एवढी वर्षं एक माणूस रोज दिवा बंद करत होता, आणि ही बाई भिंतीपलीकडे बसून तो आपल्याला काही विचारतो आहे असं समजत होती. तो बिचारा बटण दाबत होता. त्या शेवटच्या संध्याकाळी दोनदा झालं ते बहुधा बटण नीट बसलं नसेल. तिने मनातल्या मनात सगळं एकेक करून परत केलं. थेंब परत केले, खळगा परत केला. "अहो" तेवढं परत करवेना.

आई म्हणाली, "आज जेवली नाहीस ती?"

"भूक नाही."

"कारखान्यात काही झालं का?"

"आई, कारखान्यात काही होत नसतं," ती म्हणाली. आई त्यानंतर चक्क गप्प बसली.

पुढच्या दिवसांत ती काम करत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आणि मग एका सकाळी, मशीनमधून काढलेली तार हातात असताना, भिंग झालेलं, धुतलेलं, तिने फडकं घेतलं आणि टोक पुसलं. नवशिक्याने पुसावं तसं, सहज. पुसून झाल्यावर तिला कळलं काय केलं ते. फडक्यावर काही दिसत नव्हतं. दिसणार नव्हतंच. मालक काही बोलले नाहीत, उलट "होतं हो ताई" म्हणाले, आणि त्यामुळे तर तिला जास्तच लागलं.

नंतर एकदा संध्याकाळी ठिपका भलताच वागायला लागला. यायचा, थरथरायचा, मधेच जायचा. तिने दोन टकटक दिल्या. पुन्हा तेच. शेवटी नवी दारात येऊन कुजबुजली, "ताई, माझा काही दोष नाही. नव्या पेनची बॅटरी गेली. खणात हा जुना सापडला, पण हा मेला नीट लागतच नाही."

तिच्या हातात पितळेचा एक जाड पेन होता. थेंबताई उठून बाहेर कठड्याशी आली. "नीट लागत नाही म्हणजे?"

"बटण दाबून धरावं लागतं. जोवर दाबून धराल तोवर लागतो, सोडलं की बंद. आणि स्प्रिंग कसली, दगड आहे! माझा अंगठा दुखायला लागला."

मालक जिना चढत होते. पेन बघून थांबले. "अरे, हा अजून आहे? हा पॉलिशवाल्यांचा."

"त्यांचा तो टेबलावरचा नव्हता?" थेंबताईने विचारलं.

"छे! तो मी घेतला, ते गेल्यावर. एवढी वर्षं कारखान्यात हा एकच होता. मी कितीदा म्हटलं त्यांना, नवा घेऊ, तुमचा अंगठा जायचा. तर नको म्हणाले. हाच बरा आहे म्हणाले. माणूस जरा हट्टीच."

तिने पेन हातात घेतला. बटण पितळेचं, गोल, वर आलेलं. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि दाबलं. स्प्रिंग खरंच दगड होती. दिवा लागला. सोडलं, विझला. पुन्हा जोर लावला तेव्हा अंगठ्यात कळ गेली. तिसऱ्यांदा दाबून तिने अंगठा वर करून बघितला. त्यावर एक गोल खळगा उमटला होता, आणि हळूहळू भरून येत होता.

हे आपोआप होणारं नव्हतं. चुकून तर नाहीच नाही. दुखऱ्या अंगठ्याने, रोज, दिवसभराचं काम झाल्यावर, तीनदा. आणि शेवटच्या दिवशी सहादा.

"ताई, रडताय?" नवीने विचारलं.

"हो," थेंबताई म्हणाली.

तिने मालकांकडे रजा मागितली. पॉलिशवाल्यांची एक वस्तू राहिली आहे, ती देऊन यायची आहे. मालकांनी पत्ता दिला, आणि कुरियरने पाठवू की, असंही म्हणाले. ती म्हणाली, काचेची वस्तू नाही, पण नको. मालकांना त्यातलं काही कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

घरी तिने आईला सांगितलं. सगळं सांगितलं, भिंतीपासून पेनापर्यंत, आणि आईने मधे एकदाही तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "मग जा की. मी काय एका दिवसात मरते का?" थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि जाताना तो करडा रंग घालू नकोस. शाळेच्या बाई दिसतेस."

बसमध्ये खिडकीशी बसून तिने वाक्यं जुळवली. तुमचा पेन राहिला होता. इकडे जरा काम होतं, म्हटलं देऊन जावं. बहीण दार उघडेल तर हे म्हणायचं, ते उघडतील तर तेच म्हणायचं, पुढचं पुढे. अर्धी वाट झाल्यावर तिने पिशवीत हात घातला. पाण्याची बाटली होती, रुमाल होता, आईने बळेच दिलेली छत्री होती. पेन नव्हता. पेन कारखान्यात कठड्याच्या फळीवर राहिला होता, कोट काढताना ठेवला तिथेच. तिने पिशवी मांडीवर उलटी केली तेव्हा शेजारचा माणूसही शोधायला लागला. "काय हरवलं?" त्याने विचारलं. "निमित्त," असं तिच्या तोंडून गेलं, आणि तो बिचारा सीटखाली वाकून बघू लागला.

परत फिरावं असं वाटलं. उतरून समोरच्या बाजूची बस धरली असती तर अंधाराच्या आत घरी पोचली असती. स्टॉप आला तसा गेला. ती बसून राहिली.

घर गल्लीच्या टोकाला होतं, बुटकं, पुढे दोन पायऱ्या. दुपारची वेळ, गल्लीत कुणी नाही. खिडकी उघडी होती आणि आतल्या भिंतीवर ते घड्याळ लावलेलं दिसत होतं, किंचित तिरकं. दाराशी बेल होती, बेलखाली कुणीतरी नीट अक्षरात लिहिलं होतं की बेल चालू आहे. तिच्या हातात काही नव्हतं. म्हणायला काही नव्हतं. आणि तिला जिवाच्या आकांताने वाटत होतं की उशीर झालेला नसावा.

तिने बेलला हात लावला नाही. बोटाचं पेर दारावर टेकवलं आणि ठोकलं. एकदा. दुसऱ्यांदा. मग श्वास आवरून, टोक धरताना आवरायची तसा, तिसऱ्यांदा.

आत खुर्ची सरकली. पावलं दाराशी येऊन थांबली. कोण आहे, असं कुणी विचारलं नाही. दाराच्या पलीकडे कुणीतरी घसा खाकरला.